हातमोजे

सोमवारी सकाळी तानेलने माझी परवानगी काढून घेतली.
मीच सांगितलं होतं त्याला तसं करायला.
आता मला कोड वाचता येतो, लिहिता येत नाही,
जसा लेकीच्या घरी राहायला आलेल्या आईला
फ्रिज उघडता येतो,
पण आतली भांडी हलवता येत नाहीत.

अकरा वर्षं मी फेरीबोटीवर गाड्या रचल्या,
टॅलिनमधल्या चौथ्या मजल्यावर बसून,
बोटीवर पाय न ठेवता.
ट्रक मध्ये, लहान मोटारी कडेला,
वजन दोन्ही अंगांना सारखं,
सायकलींना उरेल ती जागा.
हिरवी खूण उमटली की कळायचं, आज काहीतरी केलं.

आता संध्याकाळी मी लॅपटॉप मिटते
तेव्हा दिवसाचा हिशेब लागत नाही.
सात बैठका.
या रकान्यातून त्या रकान्यात सरकवलेली चार कामं.
लीलोला रडू येत होतं,
तिच्यासोबत जिना उतरले, पुन्हा चढले.
हे कुठल्या रकान्यात टाकायचं?

आई फोनवर विचारते, "म्हणजे आता साहेब झालीस?"
नाही गं. साहेबाला हो-नाही म्हणता येतं.
मी फक्त विचारते, 'कधी होईल?'
तोच प्रश्न, ज्यावर अकरा वर्षं दातओठ खाल्ले.

काल तानेल म्हणाला, "दोन आठवडे."
अगदी जिभेवर आलं होतं, एका दुपारचं तर काम,
सरक, दाखवते करून.
हात शिवशिवले.
ते मांडीखाली दाबून बसले
वर्गात ओरडा खाल्लेल्या मुलीसारखी.
"बरं," म्हणाले. "दोन आठवडे."

रात्री गुपचूप त्याने बदललेल्या ओळी वाचल्या.
माझं चारशे ओळींचं जंजाळ
त्याने नव्वदीत आणलं होतं.
एक टीप मात्र तशीच, माझी, नऊ वर्षांपूर्वीची:
'इथे हात लावू नका. का, ते मलाही आठवत नाही.'
खाली त्याची: 'लावला नाही.'
एकटीच हसले.
मग बराच वेळ दिवा न लावता बसून राहिले.

मार्चमध्ये रोहुक्युलाच्या धक्क्यावर गेले.
तक्रार जुनी होती, बोटीवरची माणसं आपलं ॲप वापरत नाहीत.
वारा असा, की शब्द ओठांवर यायच्या आत हिरावून नेई.
आर्वो नावाचा साठीतला माणूस गाड्या चढवत होता
चुरगळलेल्या कागदावर पेन्सिलीने फुल्या मारत.
टॅब्लेट केबिनमध्ये,
थर्मासला टेकवून ठेवलेला.

"का?" मी विचारलं. वाटलं, म्हणेल, गणित चुकतं.
उत्तरं तयार होती माझ्याकडे, आलेखांसकट.
त्याने नुसता हात वर केला.
जाड, तेलकट, आतून लोकरीचा हातमोजा.
"पडद्याला हे कळत नाहीत," म्हणाला,
"आणि हे काढले
की मला बोटं कळेनाशी होतात."

अकरा वर्षं मी गणित सुधारत होते.
अर्धा सेकंद वाचला, तेव्हा केकही कापला होता.

परतीच्या बसमध्ये एक ओळ लिहिली.
तिच्यात कंस नव्हते, अर्धविराम नव्हता,
चालवून बघायची सोय नव्हती:
'बटणं मोठी हवीत. हातमोज्यांसकट दाबता यावीत. आर्वोला विचारून.'
तीनदा खोडली. चौथ्यांदा पाठवली.

तानेलचं उत्तर लगेच आलं, "का?"
बरोबर आहे. मीही हेच विचारलं असतं,
आणि वर तीन कारणं दिली असती, का नको त्याची.
समजावून सांगायला बसले,
अर्धं पान झालं, पुसून टाकलं.
'उद्या पहाटेच्या बसने चल माझ्यासोबत,' लिहिलं.
'घरातले सगळ्यात जाड हातमोजे आण.'

त्याने नुसता अंगठा पाठवला.
उघडा.